बेचाळीस मतं आणि एक डावा गुडघा

माणसाची खरी पारख त्याच्या डाव्या पायावरून होते. उजव्या पायाचं काय, तो कुणाचाही चालतो. दाबायचं आणि सोडायचं, एवढंच त्याला कळतं. पण संयम, अंदाज, समोरच्याची कदर आणि चढावर न डगमगण्याची हिंमत हे सगळे गुण डाव्या पायात वस्तीला असतात, आणि क्लचवर ठेवल्याखेरीज ते बाहेर येत नाहीत.

हा सिद्धान्त मास्तरांचा. अठ्ठावीस वर्षं ते ड्रायव्हिंग स्कूल चालवत होते आणि शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी, गाडीला हात लावण्याआधी, हा सिद्धान्त उभ्याउभ्या ऐकावा लागे. पुढे मास्तरांनी तो पाटीवर रंगवूनही घेतला. पाटी शाळेच्या दारावर होती. मास्तर मात्र त्या सकाळी घराच्या जिन्यात होते, चौथ्या पायरीवर, कठडा घट्ट धरून; कारण त्यांचा स्वतःचा डावा पाय, सगळ्या गुणांसकट, पाचव्या पायरीवर उतरायला तयार नव्हता.

गुडघा सात महिन्यांपासून कुरकुरत होता. जिन्याचं एक वेळ ठीक होतं. जिना दिवसातून दोनदा. क्लचचं तसं नव्हतं. घरची गाडी सोळा वर्षांची, मध्यम आकाराची सेडान. पुढे दोघं, मागे तिघं आणि डिकीत सगळ्यांचं सामान. वय वाढेल तसा तिचा क्लच जड होत गेला होता. घरापासून शाळेपर्यंत बाजारातून सरळ गेलं तर तीन किलोमीटर, सहा सिग्नल, आणि तेवढ्यात एकशे बारा वेळा क्लच दाबावा लागे. मास्तरांनी मोजलं होतं. कालव्याकडचा रस्ता नऊ किलोमीटरचा, पण मोकळा. तिथे एकतीस वेळा. म्हणून गेले सात महिने मास्तर कालव्याकडून जात होते. बायकोने कारण विचारलं तेव्हा त्यांनी "तिकडची हवा चांगली आहे" असं सांगितलं. बायको हातातलं शिवण थांबवून त्यांच्याकडे बघत राहिली. पस्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या तोंडून हवेबद्दल काही ऐकायची तिची ही पहिलीच वेळ होती.

घरात खरं सांगून टाकायला काय हरकत होती? हरकत होती, आणि ती मास्तरांच्या थोरल्या भावाच्या रूपाने चार गल्ल्या पलीकडे खिडकीत बसलेली असे. दादांनी तीन वर्षांपूर्वी फाटकाला गाडी घासली. घासली म्हणजे काय, नुसता रंग गेला. पण मुलाने "बाबा, आता तुम्ही आराम करा" म्हणत किल्ली आपल्या खिशात घातली, आणि तेव्हापासून दादा आराम करत होते. सकाळी नऊ ते दुपारी एक खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चुका काढायच्या, जेवायचं, आणि चारपासून पुन्हा खिडकी. स्वतःला कुठे जायचं असलं की घरभर फिरून विचारायचं, "कुणाला वेळ आहे का रे?" मास्तरांना किल्ली जाण्यापेक्षा या वाक्याची जास्त धास्ती होती. शिवाय धंद्याचा प्रश्न होताच. ज्याला स्वतःला क्लच दाबता येत नाही, त्याच्याकडे क्लच शिकायला कोण येणार?

शाळेत त्यांनी निभावून नेलं होतं. शाळेच्या गाड्यांत मास्तर शेजारच्या सीटवर बसत आणि त्यांच्या पायाशीही एक जादा क्लच, एक जादा ब्रेक असे. त्यातल्या क्लचला त्यांनी आताशा पाय लावणं सोडलं होतं. "गाडी आता सर्वस्वी तुझी," असं ते शिकणाऱ्याला म्हणत. शिकणारा या विश्वासाने भारावून जाई आणि गाडी चौकात बंद पाडी.

अशात घरच्या गाडीच्या गिअरबॉक्सने मान टाकली.

"मास्तर, हिने तुमची पुष्कळ सेवा केली," मेकॅनिक फडक्याला हात पुसत म्हणाला. आवाज दुखवट्याला आल्यासारखा. "सुटे भाग आता येत नाहीत. महिनाभर ओढेल. फक्त तिसरा गिअर टाकू नका."

"तिसरा टाकू नको तर काय करू?"

"दुसऱ्यावरून चौथ्यावर या. मनात तिसरा टाकला असं समजायचं."

त्या संध्याकाळी घरात बैठक बसली. घर म्हणजे मास्तर, त्यांची बायको आणि मुलगी. मुलगी जवळच राहायची. हॉस्पिटलात एक्स-रे काढायचं काम करायची आणि घरी जाता जाता आईबापांकडे चहाला थांबायची. नवी गाडी घ्यायची हे ठरलं. तीही सेडानच, त्याच कंपनीची, त्याच नावाची, फक्त नवी, हेही ठरलं. त्या घरात इतकं बिनविरोध आजवर काहीच ठरलं नव्हतं, त्यामुळे तिघंही थोडी गोंधळली. मग मुलगी म्हणाली, "आणि गिअरची घ्यायची की ऑटोमॅटिक?"

मास्तरांच्या गुडघ्याने तत्क्षणी आपलं मत दिलं. तोंडाला मात्र ते देता येईना.

कारण पाच वर्षांपूर्वी याच टेबलाशी याच मुलीने आपण ऑटोमॅटिक गाडी घेणार असं जाहीर केलं होतं, आणि मास्तरांनी तिला सव्वा तास ऐकवलं होतं. "ती गाडी नव्हे, लिफ्ट आहे लिफ्ट!" ते म्हणाले होते. "बटण दाबायचं आणि दार उघडायची वाट बघत उभं राहायचं. माझ्या मुलीने लिफ्ट चालवावी?" मुलीने शेवटी गिअरची गाडी घेतली. लिफ्टचं हे वाक्य मास्तरांना इतकं आवडलं की त्यांनी ते शाळेत, बँकेच्या रांगेत, दादांच्या खिडकीत आणि एका लग्नाच्या पंगतीत पुन्हापुन्हा वापरलं. गावात त्यांची तेवढ्यावर ख्याती होती. आता त्याच तोंडाने लिफ्ट मागायची म्हणजे आधी गुडघा दाखवावा लागणार, आणि गुडघा दाखवला की किल्ली गेली.

"असं घाईने ठरवायचा हा विषय नाही," मास्तर गंभीरपणे म्हणाले. "लोकांची मतं घेतली पाहिजेत. रोज गाडी चालवणाऱ्यांची. बहुमत म्हणेल तसं करू."

बायकोला आणि मुलीला आपल्या ऐकण्यात काही चूक झाली असं वाटलं. लोकांना मत असतं हे मास्तरांनी आजवर कधी मान्य केलं नव्हतं.

बेत साधा होता. गावात नव्या गाड्या बघाव्यात तर त्यांतल्या निम्म्याहून जास्त ऑटोमॅटिक. लोक अर्थातच ऑटोमॅटिक म्हणणार. मग मास्तर यादी टेबलावर ठेवतील, एक सुस्कारा सोडतील आणि म्हणतील, "जगापुढे माझं काय चालणार?" गाडी ऑटोमॅटिक, गुडघा गुपित, किल्ली खिशात. सुस्काऱ्याची तालीमही त्यांनी आरशासमोर दोनदा केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एक वही घेतली, तिच्यावर दोन रकाने आखले आणि वही लुळी पडू नये म्हणून खाली शोरूमचं गुळगुळीत जाड माहितीपत्रक आधाराला धरलं. ते शोरूममधल्या हाफक्लचने आणून दिलं होतं. हाफक्लच म्हणजे मास्तरांचाच जुना विद्यार्थी. शिकताना त्याचा पाय क्लचवरून कधी पुरता निघतच नसे. त्यापायी त्याने एक अख्खी प्लेट जाळली होती. मास्तरांना विद्यार्थ्यांची नावं आठवत नसत, दोष आठवत. आता हाफक्लच चाळिशीचा होता, टाय लावत होता आणि गाड्या विकत होता. माहितीपत्रक देताना तो "मास्तर, एक सांगायचं होतं..." म्हणाला होता. मास्तरांनी "आधी तुझं मत सांग" म्हटल्यावर तो चटकन "मॅन्युअल, मास्तर" म्हणाला आणि स्कूटरला किक मारून गेला.

पहिलं मत असं वाया गेलं. मास्तरांनी मनावर घेतलं नाही. दुसऱ्या मतासाठी ते दातांच्या डॉक्टरांकडे गेले.

"मॅन्युअल!" डॉक्टर म्हणाले. "अर्थात मॅन्युअल! ऑटोमॅटिकमध्ये चालवणाऱ्याला काय शिल्लक राहतं, मास्तर?"

"पण डॉक्टर, बाहेर तुमची जी उभी आहे ती..."

"ती हिने पसंत केली."

"चालवता तर तुम्ही."

"चालवतो," डॉक्टरांनी मान खाली घातली. "पण मनातल्या मनात गिअर टाकत असतो."

औषधांच्या दुकानातल्या बाई पाचव्या खेपेला परीक्षा पास झालेल्या. वही घेतलेले मास्तर दारात दिसताच त्या गिऱ्हाइकाला तसंच सोडून उठून उभ्या राहिल्या.

"आधी आरसे, मग क्लच, मग गिअर," त्या एका दमात म्हणाल्या.

"अहो बाई, मी परीक्षा घेत नाही. मत विचारतोय. गाडी कोणती बरी?"

"मत तेच. आरसे, क्लच, गिअर."

"तुमची आताची गाडी तर बिनक्लचची आहे."

बाईंचा चेहरा पडला. "मास्तर, ते लायसन नाही ना काढून घेणार?"

मेकॅनिकने विचार करायला वेळच घेतला नाही. "गिअरचीच घ्या. क्लचप्लेटांवर माझी दोन मुलं शिकली."

"हे मत झालं की स्वार्थ?"

"स्वार्थ नसलेलं मत गॅरेजमध्ये कुठून आणू, मास्तर?"

असं चार दिवस चाललं. शिक्षिका, टपाल कचेरीतले साहेब, रुग्णवाहिकेचा चालक, विमा एजंट, दुधाची गाडी चालवणारे दोघं सख्खे भाऊ. मास्तर विचारत आणि समोरचा माणूस वहीकडे न बघता मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघत उत्तर देई. कुणी म्हणे गिअर म्हणजे गाडीचा प्राण. कुणी म्हणे हाताला काम हवं. दोघांनी तर लिफ्टचं वाक्य मास्तरांनाच, जणू आपल्याला आत्ताच सुचलं अशा थाटात, ऐकवलं. मास्तरांना हसावं लागलं. एरवी आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकून त्यांना मूठभर मांस चढलं असतं. आता प्रत्येक वेळी गुडघ्यातून कळ येई.

पाचव्या दिवशी स्टँडवर एक टॅक्सीवाला भेटला. पन्नाशीचा, जाड भिंगांचा चष्मा, टपावर हात टेकून चहा पीत उभा. हा मास्तरांकडे शिकलेला नव्हता, पाटी त्याने वाचलेली नव्हती.

"ऑटोमॅटिक," टॅक्सीवाला म्हणाला. "त्यात विचारायचं काय? रोज दहा तास चालवतो मी. दोन वर्षं झाली, डावा पाय रजेवर आहे. पूर्वी घरी गेलो की हा पाय निराळा घरी यायचा, अर्ध्या तासाने. आता दोन्ही बरोबर येतात."

मास्तरांना त्याला मिठी मारावीशी वाटली. इतकं नेमकं त्यांच्या गुडघ्याला आजवर कुणी ओळखलं नव्हतं. त्यांनी पेन्सिल दुसऱ्या रकान्यावर टेकवली. पण अठ्ठावीस वर्षांचं तोंड पेन्सिलीच्या आधी चालू झालं.

"आणि लांबच्या उतारावर? इंजिनाच्या जोरावर गाडी रोखायची तर कशी रोखाल?"

"त्यातही सोय असते की."

"असते! वापरता कधी? खरं सांगा."

टॅक्सीवाल्याने चहावर फुंकर घातली. मास्तरांनी थांबायला हवं होतं. ते थांबले नाहीत. उतार झाला, चिखल झाला, बॅटरी उतरली तर ढकलून गाडी चालू करणं झालं, माणसाच्या हातापायांचं एकमेकांशी असलेलं नातं झालं. आपण हे काय करतोय हे त्यांना कळत होतं, पण मधेच सोडवेना. समोरचा खिंडीत सापडलेला होता आणि मास्तरांना वाद हरायची सवय नव्हती. वीस मिनिटांनी टॅक्सीवाल्याने रिकामा कप टपावर ठेवला.

"पटलं," तो म्हणाला. "लिहा, मॅन्युअल."

"नाही, नाही! तुमचं पहिलं मत राहू दे. अनुभवाचं आहे ते."

"छे! पटल्यावर कबूल करायला लाजायचं कशाला? दोन वर्षं मी उगाच सुखात होतो, मास्तर. लिहा."

मास्तरांनी लिहिलं. पेन्सिलीचं टोक मोडलं.

आठवड्याअखेर हिशेब झाला: मॅन्युअल बेचाळीस, ऑटोमॅटिक शून्य. त्या बेचाळीसपैकी एकोणतीस जण स्वतः ऑटोमॅटिक गाडी चालवत होते. हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं, कारण गावात कोण काय चालवतो आणि किती वाईट चालवतो हे त्यांच्या डोक्यात कायम नोंदलेलं असे.

दरम्यान घरात काहीतरी विचित्र चाललं होतं, पण मास्तर आपल्याच विवंचनेत असल्यामुळे त्यांनी त्याकडे नीट पाहिलं नाही. मुलगी हल्ली गाडीत शेजारी बसली की मधेच विचारी, "बाबा, ती पुढची निळी गाडी आहे ना, तिचा नंबर काय हो?"

"नंबर घेऊन काय करायचंय? वळला बघ इंडिकेटर न देता! गाढव!"

"पण नंबर काय?"

"तू पोलीस आहेस का?"

बायकोही एका दुपारी शिवणयंत्रावरून उठून आली. "अहो, एवढा दोरा ओवून द्या ना सुईत."

मास्तरांनी दोरा पहिल्या झटक्यात ओवला. "चष्मा बदल तुझा," ते म्हणाले. बायको त्यांच्याकडे आणि सुईकडे आळीपाळीने बघत यंत्राकडे परतली.

यादी वाचून दाखवायची वेळ आली तेव्हा मास्तरांची शेवटची आशा मुलीवर होती. पाच वर्षं गर्दीत क्लच दाबणारी पोर. ती तरी बंड करील, टेबलावर मूठ आपटील, म्हणेल 'लोक गेले खड्ड्यात, ऑटोमॅटिकच घ्या!' मास्तरांनी सुस्कारा तयार ठेवून बेचाळीस-शून्य वाचलं.

"छान झालं," मुलगी म्हणाली. "गिअरचीच घ्या बाबा. हाताला सवय आहे."

"तुला स्वतःला काय वाटतं ते बोल. मोकळेपणाने."

"मला हेच वाटतं."

"आणि तुला गं?" त्यांनी बायकोकडे मोहरा वळवला.

"मला गिअरची येते चालवायला," बायको म्हणाली. हे खरं होतं. ती गाडी शिकली होती, मात्र मास्तरांच्या शाळेत नव्हे. तिथे ती दीड दिवस टिकली. पलीकडच्या चौकातल्या दुसऱ्या शाळेत जाऊन ती पहिल्या फटक्यात पास झाली होती आणि हा विषय घरात कुणी काढत नसे. आज तिने आपण होऊन काढला, आणि वर मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. मास्तरांना ते दिसलं, पण अर्थ लागला नाही. तयार ठेवलेला सुस्कारा त्यांनी सोडून दिला. उगाच आत ठेवून काय करायचा?

शनिवारी सकाळी तिघं शोरूमला गेली. दुसऱ्यावरून चौथ्यावर, कालव्याच्या रस्त्याने.

शोरूम थंडगार, फरशी आरशासारखी, मधोमध ती सेडान उभी. रंग ओल्या पाटीसारखा. हाफक्लच धावत आला, मास्तरांना बघून त्याने सवयीने टाय नीट केला आणि दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवले.

"बसून बघा ना, मास्तर. ही नमुन्याची आहे, म्हणजे..."

मास्तर बरोबर आणलेली वही आणि माहितीपत्रक बाकावर टाकून, पुढचं न ऐकता आत बसले. दार मऊ आवाजात लागलं. अठ्ठावीस वर्षांच्या सवयीने डावा पाय क्लच शोधायला पुढे गेला, आणि तिथे काही नव्हतं. नुसती पाय टेकायला थोडी तिरकी जागा होती, रबर लावलेली. पाय तिथे जाऊन विसावला. गुडघा सैल, सरळ, कुणाच्याही वाटेत नाही. मास्तरांनी स्टिअरिंगवर हात ठेवला आणि तसेच बसून राहिले. सात महिन्यांत पहिल्यांदा गाडीत बसून त्यांना कुठे काही दुखत नव्हतं. एक मिनिट झालं, दोन झाली. या गाडीतून आपल्याला उतरावं लागणार आणि बेचाळीस लोकांनी निवडून दिलेल्या गाडीत जन्मभर बसावं लागणार, हे त्यांच्या मनात हळूहळू उतरत होतं.

मुलीने खिडकीच्या काचेवर टकटक केली. मास्तरांनी काच खाली घेतली.

"बाबा, त्या समोरच्या भिंतीवर काय लिहिलंय हो?"

"कुठे?"

"ते बघा, लाल अक्षरात."

मास्तरांचा बांध फुटला. "काय चाललंय काय तुमचं? पंधरा दिवस झाले, हे वाच, ते वाच, नंबर सांग, सुई ओव! मी काय पहिलीत आहे?"

मुलगी काचेपासून बाजूला झाली. तिने आईकडे पाहिलं. आई पुढे आली आणि खिडकीवर हात ठेवून, शिवणातला टाका उसवावा तशी सावकाश बोलू लागली.

"अहो, रागावू नका. आम्हाला ठाऊक आहे."

मास्तरांनी स्टिअरिंगवरचा हात काढून गुडघ्यावर ठेवला. "काय ठाऊक आहे?"

"तुमच्या डोळ्यांचं."

"डोळ्यांचं?"

"सात महिने बघतेय मी. बाजाराचा रस्ता सोडलात. गर्दी नको, सिग्नल नको. हवा चांगली म्हणे! जवळचं दिसतं तुम्हाला, सुई ओवलीत. लांबचं दिसत नाही. नंबर विचारला की भांडता. म्हणून आम्ही दोघींनी ठरवलं, की गाडी तुमच्या आवडीची घ्या, गिअरची घ्या, तुमच्या मनासारखी. चालवीन मी. तुम्ही शेजारी बसा. तुम्हाला तशीही शेजारी बसायची सवय आहे."

किल्ली गेली होती. मास्तरांच्या हातात अजून नवी किल्ली आलीही नव्हती, आणि ती गेलीही होती. तीही भलत्याच अवयवापायी. डोळ्यांसमोर दादांची खिडकी आली. आता दोनच वाटा होत्या: गुडघा लपवून डोळ्यांवर आरोप घ्यायचा, नाहीतर डोळे सोडवायला गुडघा पुढे करायचा. आणि दुसरी वाट बेचाळीस मतांवरून, पाटीवरून, लिफ्टवरून जात होती.

मास्तरांनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं. "लाल अक्षरात लिहिलंय, 'धूम्रपान करू नये,'" ते म्हणाले. "त्याखाली काळ्यात, 'आपल्या सूचनांचे स्वागत आहे.' डाव्या कोपऱ्यात आग विझवायचं नळकांडं आहे, त्याला चिठ्ठी लावलीय, तिच्यावर तपासणीची तारीख आहे. ती मागच्या वर्षी उलटून गेली. तपासून घ्या रे ते."

हाफक्लचने नळकांड्याकडे पाहिलं, जवळ जाऊन चिठ्ठी वाचली आणि मान डोलावली.

"डोळ्यांना काही झालेलं नाही," मास्तर म्हणाले. आवाज त्यांनाच परका वाटला. "गुडघा गेलाय. डावा. सात महिने. बाजारातून गेलं की एकशे बारा वेळा क्लच दाबावा लागतो, कालव्याकडून एकतीस वेळा. मला... मला ऑटोमॅटिक पाहिजे."

बायकोने खिडकीवरचा हात काढून कपाळाला लावला. "गुडघा? फक्त गुडघा?"

"फक्त काय? दुखतो!"

"अहो, मी गेले दोन महिने तुम्हाला हाताला धरून रस्ता ओलांडायची मनाची तयारी करतेय! फक्त गुडघा होता तर बोलायचं नाही? चालवा हो, खुशाल चालवा. मला नाही हौस."

मुलगी मात्र हलली नव्हती. "बाबा," ती म्हणाली, "मी रोज पंचवीस गुडघ्यांचे फोटो काढते."

"हो. ते आहे."

"त्यात एक तुमचा काढला असता तर काय बिघडलं असतं?"

"तू कधी गुडघ्याबद्दल विचारलं नाहीस. नंबर विचारत बसलीस."

"आणि माझी गाडी?" तिचा आवाज आता चढला. "पाच वर्षं मी हॉस्पिटलच्या चौकात पहिला-दुसरा, पहिला-दुसरा करतेय. का? तर म्हणे, 'माझ्या मुलीने लिफ्ट चालवावी?' सव्वा तास, बाबा! सव्वा तास ऐकलंय मी!"

"त्या व्याख्यानात," मास्तर हळूच म्हणाले, "थोडी अतिशयोक्ती होती."

"थोडी?"

"लिफ्टचं तेवढं मागे घेतो." ते थांबले. "नव्या गाडीची किल्ली आठवड्यातून तीन दिवस तू ने. तुझी मी चालवीन. कालव्याकडून."

मुलगी दाराला रेलली, आणि रेलली म्हणजे मान्य, हे घरातल्या माणसांना कळत असे. बायकोने पदराने खिडकीवरचे बोटांचे ठसे पुसले. मास्तरांना एकाएकी हलकं वाटलं. इतकं अवघड काम आपल्या हातून झालं याचं त्यांना आश्चर्यही वाटलं. बेचाळीस लोकांचा कौल, अठ्ठावीस वर्षांचा सिद्धान्त, सगळं त्यांनी भर शोरूममध्ये एका वाक्यात मोडीत काढलं होतं. पाटीही आता उतरवावी लागणार, निदान दुरुस्त करावी लागणार. अशा प्रसंगाला शोभेल अशा गांभीर्याने ते गाडीतून उतरले, बाकावरची वही आणि माहितीपत्रक बाजूला सरकवून बसले आणि हाफक्लचला म्हणाले,

"लिही. पूर्ण विचारांती, लोकमताच्या विरोधात जाऊन. ऑटोमॅटिक."

हाफक्लचने पेन काढलं नाही. तो या पायावरून त्या पायावर झाला.

"मास्तर, ते लिहायची गरज नाही."

"का?"

"मी पहिल्याच दिवशी सांगणार होतो, पण तुमच्यापुढे जीभ रेटेना. या गाडीत गिअरची येणं बंद झालंय."

"कधी?"

"दोन वर्षं झाली, मास्तर."

त्याने बाकावरचं माहितीपत्रक उचललं, वहीतून पेन्सिलीच्या दाबाने उमटलेल्या बेचाळीस रेघा अंगठ्याने सारख्या केल्या आणि पत्रक उघडून मास्तरांपुढे धरलं. चौथ्या पानावर तसं छापलेलं होतं.